सगळ्याच लसी दरवर्षी लागतात का?

आज आमच्या कुत्र्याला, शेरूला लसीसाठी कोथरूडला घेऊन गेले होते. बाकावर शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं, "आमचा मोती म्हातारा झालाय गं, त्याला अजून कशाला दरवर्षी सुया टोचायच्या?"

प्रश्न अगदी रास्त आहे. डिस्टेंपर, पार्वो आणि अ‍ॅडिनोव्हायरस हे कुत्र्यांचे विषाणूजन्य आजार; या तिन्हींच्या लसींचा पिल्लूपणीचा कोर्स नीट झाला आणि वर्षाच्या आत-बाहेर बूस्टर मिळाला, की संरक्षण बहुतेक कुत्र्यांत किमान ३ वर्षं टिकतं. वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशनही या लसी त्याहून लवकर देऊ नका असंच सांगते.

लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस) तसं नाही. तो आजार जिवाणूमुळे होतो, आणि लसीचं संरक्षण जेमतेम वर्षभराचं. पावसाळ्यात आपल्याकडे गल्लोगल्ली डबकी, त्यात उंदरांची लघवी, आणि आमचं ध्यान नेमकं तिथंच तोंड घालणार! हा आजार माणसांनाही होतो, म्हणून ती लस मी दरवर्षी देतेच.

रेबीजबाबत तर वादच नको. लक्षणं दिसली की कुत्रा वाचत नाही. आपल्याकडे ही लस सहसा दरवर्षीच देतात, महापालिकेच्या परवान्यालाही तिचं सर्टिफिकेट लागतं.

डॉक्टरांनी कुपीवरचं लेबल सोलून शेरूच्या लसींच्या नोंदींच्या पुस्तकात चिकटवलं. काकूंना तेच दाखवलं: कुपीत कुठल्या लसी आहेत ते त्यावर असतं. "सगळं एकत्र नको, लेप्टो आणि रेबीज वेगळं द्याल का?" असं डॉक्टरांना बिनधास्त विचारा, काकू. आणि मोतीची जुनी पुस्तकं सोबत न्या.