न फुंकता येणारी हवा मोजताना

स्पायरोमेट्री या फुप्फुसांच्या तपासणीत पेशंट फुंकून बाहेर काढतो तेवढीच हवा मोजता येते. जीव खाऊन फुंकलं तरी प्रौढ माणसाच्या फुप्फुसात साधारण सव्वा लिटर हवा उरतेच. ही उरलेली हवा म्हणजे आरव्ही (रेसिड्युअल व्हॉल्यूम). ती मोजायला मी बॉडी बॉक्स वापरते, म्हणजे काचेची हवाबंद केबिन.

सकाळी पहिलं काम कॅलिब्रेशनचं. ३ लिटरची सिरिंज हळू, मध्यम आणि जोरात अशी ढकलते, आकडा २.९१ ते ३.०९ च्या बाहेर गेला तर पेशंटला आत घेत नाही. सेन्सरला नावं ठेवण्याआधी फिल्टर आणि नळीचे जोड बघावेत, गळती बहुधा तिथेच असते.

दार लावल्यावर मिनिटभर काहीच करायचं नाही. अंगाच्या उबेने आतली हवा तापते आणि दाब सरकत राहतो, तो स्थिरावू द्यायचा. मग नोज क्लिप, माउथपीस दातांत, जीभ खाली, ओठ घट्ट आणि तळवे दोन्ही गालांवर. गाल फुगले की तोंडातला दाब फुप्फुसातल्या दाबाइतका राहत नाही, आणि बॉयलच्या नियमाचं (कोंडलेल्या हवेचा दाब वाढला की आकारमान त्याच प्रमाणात घटतं) सगळं गणित हे दोन दाब सारखे असण्यावरच उभं आहे.

खरी मेख निवांत श्वासात आहे. श्वास सहज सुटला की छातीचा पिंजरा बाहेर ओढतो, फुप्फुसं आत ओढतात. दोन्ही ओढी जिथे जुळतात त्या पातळीला फुप्फुसात असलेली हवा म्हणजे एफआरसी (फंक्शनल रेसिड्युअल कपॅसिटी). केबिनमध्ये बिचकलेला माणूस वरवर श्वास घेतो, पडद्यावरची श्वासाची रेषा वर चढते. तिथेच शटर, म्हणजे माउथपीसमागची हवा अडवणारी झडप, पाडलं तर एफआरसी फुगलेली येते. सॉफ्टवेअर थोडाफार फरक वळता करून घेतं, पण मूळ रेषाच डुलत असेल तर ते तरी कशाच्या आधारावर करणार? सलग चार श्वास एका पातळीवर संपेपर्यंत मी बटणाला हात लावत नाही.

शटर २-३ सेकंदच बंद राहतं. "काका, आता हवा अडेल, घाबरू नका, बंद दार ढकलून बघावं तशा हलक्या धापा टाका." सेकंदाला एक, त्याहून जलद नको. श्वासनलिका आवळलेल्या असतील तर जलद धापांमध्ये तोंडातला दाब कमी भरतो आणि आकडा खोटा मोठा येतो. पडद्यावर तोंडातला दाब आणि केबिनमधला दाब यांची सरळ तिरकी रेघ हवी. ती फाकली तर गळती किंवा तापमानाची सरक.

शटर उघडलं की तोंड न काढता पूर्ण श्वास सोडायचा, मग छाती भरून घ्यायचा. एफआरसीमधून सोडलेली हवा वजा केली की आरव्ही मिळतो, त्यात पूर्ण भरलेला श्वास मिळवला की टीएलसी, म्हणजे फुप्फुसाची एकूण क्षमता. एफआरसीचे तीन आकडे ५ टक्क्यांच्या आत बसले तरच रिपोर्ट.

बॉडी बॉक्सऐवजी श्वासात हेलियम वायू देऊन मोजलं तर एम्फिसीमात (फुप्फुसातले हवेचे कप्पे खराब होण्याच्या आजारात) आकडा कमी येतो, कारण हवा अडकलेल्या कप्प्यांत वायू नीट पोचत नाही. तेव्हा दोन पद्धतींची सरासरी काढू नये. दोन्ही तांत्रिकदृष्ट्या नीट झाल्या असतील तर तो फरक म्हणजे अडकलेली हवा. रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे पद्धतीच्या नावासह वेगळे लिहावेत.