चाळीस टक्क्यांचा अडथळा आणि विरलेले आवरण

मामांच्या अँजिओग्राफीत एका धमनीत 40 टक्के अडथळा दिसला होता. स्टेंट लागणार नाही, गोळ्या सुरू ठेवा, एवढेच तेव्हा सांगण्यात आले. सात महिन्यांनी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. मामा वाचले, पण मी पॅथॉलॉजी शिकवते म्हणून घरातल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला: 40 चे 100 टक्के इतक्या लवकर कसे झाले?

याचे उत्तर मला सूक्ष्मदर्शकाखाली अनेकदा दिसले आहे. मॅसन ट्रायक्रोम रंगात कोलॅजेन, म्हणजे ऊतींना बळकटी देणारे तंतुमय प्रथिन, निळे दिसते. धमनीच्या भिंतीतल्या मेदाच्या गाठोड्यावर, म्हणजे प्लाकवर, या निळ्या तंतूंचे आवरण असते आणि त्याखाली कोलेस्टेरॉलचे स्फटिक विरघळून गेल्यावर उरलेल्या सुईसारख्या रिकाम्या फटी असतात. ज्या प्लाकमुळे झटका येतो, त्याचे आवरण पुष्कळदा 65 मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असते. कडेला, जिथे मॅक्रोफेज या भक्षक पेशींची दाटी असते, तिथला निळा रंग जुन्या धोतरासारखा विरत गेलेला दिसतो. तिथे आवरण फाटले की आतला मेद रक्ताच्या संपर्कात येतो आणि काही मिनिटांत गुठळी होऊ लागते. अँजिओग्राफी रक्ताची वाट किती अरुंद झाली ते दाखवते, आवरणाची जाडी दाखवत नाही.

हे आवरण विरवणाऱ्या विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, शोध 1962 मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना लागला, तोही बेडकाच्या पिल्लाची शेपटी कशी नाहीशी होते याचा अभ्यास करताना. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज या कुळातले कोलॅजिनेज कोलॅजेनचा तिपेडी दोर ठरावीक जागी, साधारण तीन-चतुर्थांशावर, कापतात. मग शरीराच्या उष्णतेने पेड उलगडतात आणि जिलॅटिनेज उरलेले तुकडे संपवतात. त्यांना आवरणारी टिंप नावाची प्रथिनेही शरीरातच असतात. मात्र दाह पेटला की मॅक्रोफेज पेशी हे कापणारे विकर अधिक सोडतात आणि टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेले इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशींना नवे कोलॅजेन विणू देत नाही. कातरणे वाढते आणि विणणे थांबते, हे दोन्ही एकाच जागी घडते. 1994 मध्ये झोरिना गॅलिस, पीटर लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी प्लाकच्या नेमक्या याच दुबळ्या भागांत हे विकर वाढलेले दाखवले.

मग हे विकर औषधाने बंद का करू नयेत? मलाही या मार्गाची फार आशा होती. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक त्यांना रोखते, म्हणून पोटातल्या महाधमनीच्या लहान फुगवट्यांवर ते दोन वर्षे देऊन पाहिले गेले. 2020 मध्ये निकाल आला तेव्हा फुगवट्याची वाढ मंदावलेली नव्हती. माझ्या मते यात आश्चर्य नाही, कारण जखम भरायला आणि स्नायुपेशींना दुरुस्तीच्या जागी पोहोचायलाही हेच कातरणे लागते.

मामांच्या स्टॅटिन गोळ्यांचे काम वेगळे आहे: रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरते, प्लाकमधला दाह निवतो आणि आवरण हळूहळू जाड होते. अडथळ्याचा आकडा मात्र फारसा हलत नाही, त्यामुळे दर भेटीत मामा टक्का विचारतात आणि मी त्यांना त्या निळ्या पट्टीचे चित्र कागदावर पुन्हा काढून दाखवते.