तुम्ही विचारलंत म्हणून: तयार विमान मिळत असताना पत्रा वाकवत कशाला बसायचं?

घरी येणारं प्रत्येक जण शोकेसमधली, मी किटमधून केलेली ती पत्र्याची चकचकीत छोटी विमानं बघतं आणि विचारतंच, अगं तयार मिळतात ना ही, मग डोळे फोडत कशाला बसतेस? धुळ्याच्या मामी तर सरळ म्हणतात, "येवढं करीसन काय भेटस तुले?" सगळेच विचारता म्हणून एकदा नीट सांगते.

किट म्हणजे स्टीलचे दोन-तीन पातळ पत्रे, साधारण चार इंचाचे, त्यात विमानाचे सगळे पार्ट आधीच कापलेले असतात, फक्त बारीक टोकांनी पत्र्याला चिकटून राहिलेले. ते निपरने (बारीक कापायच्या पकडीने) सोडवायचे, वाकवायचे, आणि एकाचे टॅब, म्हणजे कडेच्या छोट्या जिभा, दुसऱ्याच्या खाचेत घालून मागून दुमडायचे नाहीतर पिळायचे. फेविक्विक नाही, डाग (सोल्डर) द्यायचा नाही, सगळं विमान त्या टॅबवरच उभं राहतं.

तर भेटतं काय? पत्रा कळतो. सुटा पंख चिमटीत धरला तर लवलव करतो, पण त्याचीच कड नुसती जराशी दुमडली की एकदम ताठ. वजन तेवढंच, पत्रा तोच! आपल्याकडे गोठ्यावर, शेडवर पन्हळी पत्रा घालतात तो याच कारणाने, आणि १९२६ च्या फोर्ड ट्रायमोटर विमानाचं अंगही तसंच पन्हळी होतं, ॲल्युमिनियमचं. जर्मनीत युंकर्स या विमान बनवणाऱ्या कंपनीने हे त्याच्याही आधी केलेलं. पण त्या नाळ्यांनी हवेचा अडथळा वाढतो, म्हणून पुढच्या विमानांचा पत्रा बाहेरून गुळगुळीत झाला आणि ताठपणा देणाऱ्या पट्ट्या आत गेल्या. हे मी वाचलं होतं आधी, पण कळलं ते बोटांना.

आणि टॅब. टॅब एकदाच वाकवायचा. परत सरळ करून परत वाकवला की वळणावर धातू कडक होतो, बारीक चीर जाते आणि तुकडा हातात येतो. खऱ्या विमानात हेच किती भयंकर होऊ शकतं ते कॉमेटने दाखवलं. प्रवासी सेवेतलं पहिलं जेट विमान, १९५२ मध्ये सुरू झालं, आणि १९५४ मध्ये तीन महिन्यांत दोन विमानं हवेतच फुटली. दर उड्डाणाला केबिनमध्ये हवेचा दाब भरायचा, उतरताना कमी व्हायचा, प्रत्येक वेळी पत्रा जरासा ताणायचा नि सैलावायचा, आणि जिथे पत्रा कापून जागा सोडलेली तिथल्या कोपऱ्यापाशी चीर वाढत गेली. तपासात अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून परत परत दाब दिला तेव्हा हे सापडलं. शेकडो माणसं घेऊन आज जे काही उडतंय त्याच्यामागे तो तपास आहे, आणि मला तो प्रत्येक टॅब पिळताना आठवतो.

राईट बंधूंचं फ्लायर पण केलंय, लोक तेच आधी उचलून बघतात. १७ डिसेंबर १९०३, पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. पण ते मुळात लाकूड-कापडाचं, त्याला स्टीलमध्ये बघताना मला काहीतरी खटकतं. मला विचाराल तर ट्रायमोटरच घ्या, खरं विमानच पत्र्याचं.

चिमटी आणि बारीक तोंडाची पक्कड मी जळगावच्या सराफ बाजारातून आणली, सोनारकामाची, किटसोबत मिळणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगली पकड येते. इंजिनासारखे गोल पार्ट नुसत्या बोटांनी वळवू नका, कोपरे पडतात, ड्रिल बिटच्या मागच्या गुळगुळीत दांडीवर हळूहळू गुंडाळा, जाड-बारीक बिट जवळ ठेवा म्हणजे हवा तो गोल मिळतो. मे महिन्यात दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते, त्यामुळे माझं बरंचसं काम तेव्हाच होतं, फक्त कूलरचं तोंड दुसरीकडे करावं लागतं, नाहीतर एवढुसे पार्ट उडून कुठे जातात पत्ता लागत नाही, म्हणून परातीतच कापायचं.

लहान मुलांना एकट्यांना देऊ नका, कडा धारदार असतात. मोठ्या मुलांना मात्र जरूर द्या, आणि पक्कड त्यांच्याच हातात राहू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा.