तुम्ही विचारलेत म्हणून : साहेब धर्मनिष्ठ असला की पुरते का?

इस्लामी बँकांमधल्या व्यवहारांची तपासणी करण्यात माझी बरीच वर्षे गेली, हे कळले की समोरचा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो : अशा बँकेचा वरिष्ठ मनापासून धर्मनिष्ठ असला, तर हाताखालचे लोक आपोआप चांगले काम करत असतील, नाही का? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेले असते. माझे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे, आणि ते पटवून द्यायचे तर या बँकेत ‘चांगले काम’ कशाला म्हणतात, इथूनच सुरुवात करावी लागते.

व्याज, म्हणजे रिबा, वर्ज्य असल्यामुळे इस्लामी बँकेला पैसे उसने देऊन त्यावर कमाई करता येत नाही. तिला वस्तू विकत घेऊन विकावी लागते, भाड्याने द्यावी लागते किंवा कुणाच्या धंद्यात भागीदार व्हावे लागते. यांतला मुराबहा हा फार प्रचलित प्रकार घ्या. ग्राहकाला यंत्र हवे असेल, तर बँकेने ते आधी स्वतः विकत घ्यायचे, त्याची मालकी आणि ताबा स्वतःकडे घ्यायचा, आणि मग खरेदीची किंमत व आपला नफा उघड सांगून ते ग्राहकाला हप्त्यांनी विकायचे. मधल्या काळात, मग तो तासाभराचा का असेना, यंत्राचे काही बरेवाईट झाले तर नुकसान बँकेचे. नफा वैध ठरतो तो या क्रमामुळे. विक्रीच्या करारावर सही आधी झाली आणि खरेदी मागाहून, तर कागद तेच असतात, रक्कम तीच असते, ग्राहकही खूश असतो. पण जी वस्तू आपली नव्हती ती विकली गेल्यामुळे तो नफा बँकेला ठेवता येत नाही, दानधर्मासाठी काढून द्यावा लागतो. म्हणजे महिनाअखेरीच्या आकड्यांत जो कर्मचारी सर्वांत पुढे दिसतो, त्याने बँकेला प्रत्यक्षात काहीच मिळवून दिलेले नसू शकते.

एका शाखेत मी हेच पाहिले. तिथले व्यवस्थापक खरोखर सज्जन होते. प्रत्येक बैठकीची सुरुवात ते कुराणपठणाने करत आणि अमानत, म्हणजे आपल्यावर सोपवलेल्या विश्वासाची जबाबदारी, या विषयावर सुंदर बोलत. महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत मात्र त्यांच्या तोंडी एकच प्रश्न असे, “आज किती वाटप झाले?” कर्मचाऱ्यांनी प्रवचन ऐकले आणि उत्तर या प्रश्नाला दिले. (खरेदी आणि विक्रीच्या कागदांवर एकाच हाताने, एकाच शाईने, एकाच बैठकीत घातलेल्या तारखा ओळखायला तपासनीस फार अनुभवी असावा लागत नाही.)

वरिष्ठाने कसे असावे याबद्दलचे साहित्य उदंड आहे. इंडोनेशियात तर पैगंबरांचे चार गुण सांगण्याची रीतच आहे : सचोटी, विश्वासार्हता, संदेश पोहोचवण्याची हातोटी आणि ‘फतानाह’, म्हणजे जाण. पहिल्या दोन गुणांची स्तुती होते आणि चौथ्याकडे दुर्लक्ष होते, अशी माझी तक्रार आहे. सलमचा, म्हणजे किंमत आधी चुकती करून माल मागाहून घेण्याचा, करार कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या सचोटीने हाताखालच्या माणसाची अडचण सुटत नाही. कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन नेतृत्वाचा परिणाम मोजणारे अभ्यासही मी सावधपणेच वाचतो, कारण साहेबाविषयीचे मत आणि स्वतःच्या कामगिरीचे गुण एकाच माणसाने एकाच बैठकीत लिहिलेले असले, तर त्यातून बहुधा त्याची त्या दिवसाची मनःस्थितीच कळते.

धाकाने काम होईल म्हणावे, तर त्याचीही सोय आहे. मलेशियाच्या 2013 च्या कायद्यात शरियतचे पालन न केल्याबद्दल 8 वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच कोटी रिंगिटपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण ताबापावती आलेली नाही हे सगळ्यात आधी दिसते ते शाखेतल्या टेबलावरच्या माणसाला, आणि त्याने ते बोलावे की गिळावे, हे त्याचा साहेब ठरवतो.

दुसऱ्या एका शाखेचे व्यवस्थापक धर्माविषयी क्वचितच बोलत. एका अधिकाऱ्याने ऐन महिनाअखेरीस मोठी फाईल अडवली, तेव्हा त्यांनी स्वतः ग्राहकाला फोन करून आणखी दोन दिवस लागतील असे सांगितले. त्या महिन्यात टार्गेट हुकले. मुख्य कार्यालयाने जाब विचारला, तेव्हा निर्णय आपला होता असे त्यांनी कळवले आणि अधिकाऱ्याचे नाव मध्ये येऊ दिले नाही. पुढच्या तपासणीला गेलो, तेव्हा तिथल्या चार जणांनी आपापल्या चुका मी विचारण्याआधीच माझ्यासमोर ठेवल्या. वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात अडवलेल्या फाईलसाठी रकाना नव्हता. त्या अधिकाऱ्याच्या अर्जावर त्यांनी ती हकीकत समासात हाताने लिहिली होती.