केशर तुमच्याकडचंच ना?

इंग्लंडमधल्या सॅफ्रन वॉल्डनला राहते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कारण सॅफ्रन म्हणजे केशर. सासूबाई तर दर दिवाळीला फोनवर विचारतात, "तिकडचं थोडं केशर पाठवशील का गं?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या डब्यातलं केशर मी दादरहून आणते.

पिकत होतं, हे मात्र खरं. एसेक्समधलं हे छोटं गाव. 1141 मध्ये जेफ्री द मँडव्हिल या सरदाराने शेजारच्या न्यूपोर्टचा बाजार उचलून इथे आणला. पुढे गावाला चिपिंग वॉल्डन म्हणू लागले. चिपिंग म्हणजे बाजार, आपल्याकडे नावाला 'पेठ' लागते तसं. 16व्या शतकात आसपासच्या शेतांत केशर इतकं झालं की बाजाराचं नाव मागे पडलं आणि केशराचं चिकटलं.

काम मोठं किचकट. फुलं शरदात येणार, ती सकाळी लवकर खुडायची, मग एकेका फुलातले तीन तंतू निवडून वाळवायचे. कापड रंगवायला, औषधाला त्याला मागणी होती. 18व्या शतकाच्या अखेरीपर्यंत सगळं आटोपलं. गावाच्या मानचिन्हावर तटाच्या आत उमललेली तीन केशरफुलं तेवढी राहिली. 'वॉल्ड इन', म्हणजे भिंतींनी वेढलेलं, ही गावाच्या नावावरची कोटी. मला ती जरा ओढूनताणून वाटते.

आणि ज्याचं नाव गेलं तो बाजार? मंगळवारी नि शनिवारी अजून भरतो. जवळच मर्सर्स रो आहे, कापडवाल्यांची ओळ.

सासूबाई आल्या तेव्हा त्यांना मैदानावरच्या चक्रव्यूहात नेलं. हिरवळीत कोरलेली एकच वाट, दीडेक किलोमीटरची. 1699 मध्ये ती नव्याने कोरल्याची नोंद आहे. वाटेला फाटाच नाही, त्यामुळे चुकायची सोय नाही. "अभिमन्यूसुद्धा बाहेर आला असता," असं म्हणत त्या निम्म्यातून सरळ गवत तुडवत बाहेर आल्या.

मग बाजारात एका रोपवाल्याकडे त्यांना केशराचे कंद दिसले. सहा घेतले, कुंडीत लावले. ऑक्टोबरात फूल आलं एकच. मी कौतुकाने फोटो पाठवला. उत्तर आलं, "श्रीखंडाला पुरणार नाही."