चाकूसोबत ड्रॉइंग येत नाही

नवा घडीचा चाकू हातात आला की बहुतेक लोक आधी कागद कापून बघतात. माझ्याकडे कागदाचा नंबर शेवटी लागतो. कारखान्यातून आलेली धार कशीही असली तरी पहिल्या दिवशी कागद सहसा कापतेच, आणि सर्रकन कापला की माणूस खूश होऊन बाकीचं बघायचं विसरतो. शिवाय एकदा वापरलेला चाकू परत घ्यायला विकणारा का-कू करतो, ते वेगळंच.

नोकरीची बरीच वर्षं मी इन्स्पेक्शनच्या टेबलावर काढली आहेत. तिथे डोकं कमी आणि ड्रॉइंग जास्त चालतं. ड्रॉइंगवर माप असतं, मापाला टॉलरन्स म्हणजे किती फरक चालेल याची मर्यादा असते, आणि समोरचा जॉब पास, रिवर्क किंवा रिजेक्ट यांपैकी एका ट्रेमध्ये जातो. चाकूसोबत मात्र कुणी ड्रॉइंग देत नाही. टॉलरन्स ज्याचा त्याने ठरवायचा. मग एखादा मुठीवरच्या बारीक चऱ्यासाठी चाकू परत पाठवतो, आणि दुसरा जेमतेम अडकणारं लॉक असलेला चाकू आनंदाने खिशात घालून हिंडतो. यातला दुसरा मला जास्त काळजीत टाकतो.

सध्या माझ्या टेबलावर जो आहे तो लायनर लॉकचा. पातं आठ सेंटिमीटरच्या किंचित वर, पाठीला तीन मिलिमीटर जाड, मुठीला हिरव्या मायकार्टाच्या, म्हणजे राळेत बसवलेल्या कापडाच्या थरांच्या पट्ट्या. मुठीच्या आत दोन्ही बाजूंनी धातूचे पातळ पत्रे असतात, ते लायनर. त्यातला एक लांबीत चिरून आतल्या बाजूला वाकवलेला असतो. पातं पूर्ण उघडलं की तो स्प्रिंगसारखा आत सरकतो आणि पात्याच्या बुंध्यामागे उभा राहतो. आज दिसतो त्या रूपात हा प्रकार अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी १९८०च्या दशकात आणला. जेमतेम दीड मिलिमीटरचा तो पत्रा तुमची बोटं आणि धार यांच्यामध्ये उभा असतो. म्हणून मी सुरुवात तिथून करते.

आधी तेल पुसायचं. मग पातं सावकाश उघडायचं, झटक्याने नाही, आणि लायनर बुंध्याच्या जाडीच्या किती भागापर्यंत आलाय ते उजेडात बघायचं. नव्या चाकूत तो साधारण पंचवीस ते चाळीस टक्के आत आलेला मला आवडतो. नुसता कडेला टेकला असेल तर दाबाखाली निसटायची भीती. आणि नव्यातच पार पलीकडच्या लायनरला जाऊन भिडला असेल तर पुढे झिजायला जागाच उरलेली नाही. वापराने दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर बसत जातात आणि लायनर हळूहळू आत सरकतो, ही त्या रचनेतली सोयच आहे. माझ्या चाकूत तो पाव भागाच्या जरा पुढे आहे. हे बघायला एकदाच उघडून भागत नाही. हळू उघडून बघायचं, जोरात उघडून बघायचं. दर वेळी लायनर वेगळ्याच जागी थांबत असेल, तर बुंध्याचा तिरका भाग नीट घासलेला नाही असं समजावं.

सोडताना लायनर चिकटतो का, तेही बघावं. माझा चिकटला. मी डावखुरी असल्यामुळे हे मला इतरांच्या आधी कळतं. उजव्या हाताचा माणूस लायनर अंगठ्याने ढकलतो, मला तो तर्जनीने ओढावा लागतो आणि तर्जनीत तेवढा जोर नसतो. बुंध्याच्या त्या भागावर साधी शिसपेन्सिल घासली, पंधरा-वीस वेळा उघडझाप केली, चिकटणं बरंच कमी झालं. ग्रॅफाइट आहे, वंगणाचं काम करतं. महिन्या-दोन महिन्यांत ते पृष्ठभाग आपोआपच गुळगुळीत होतात. याला मी दोष म्हणत नाही.

आता पातं हलतं का. हलण्याचे दोन प्रकार असतात आणि लोक ते एकाच पोत्यात भरतात. उघडलेलं पातं पाठीकडून चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवलं आणि हललं, तर पिव्हटचा, म्हणजे पातं ज्या आसावर फिरतं त्याचा स्क्रू सैल आहे. टॉर्क्स टी-८चा, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर लावा (काही चाकूंना टी-६ लागतो), पाव फेरीच्याही आत काम होतं. स्क्रू हलतच नसेल तर त्याला थ्रेडलॉकर, म्हणजे आटे पकडून ठेवणारा डिंक लावलेला असतो; सोल्डरिंग आयर्नचं टोक थोडा वेळ स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं की तो मऊ पडतो. ताकद लावून डोकं खाऊन टाकू नये. मात्र स्क्रू पिळत गेलं आणि ‘हलत नाही पण सहज फिरतं’ अशी एकही जागा सापडली नाही, म्हणजे एक तर ढिलं नाहीतर जाम, तर वॉशर किंवा भोकच चुकलेलं आहे. मग स्क्रूवर राग काढून उपयोग नाही.

दुसरं हलणं वर-खाली. धारेच्या वाटेत बोट येणार नाही असं धरून पात्याच्या पाठीवर, मिटायच्या दिशेने, हलका दाब द्यायचा. उघडलेलं पातं एका बाजूने स्टॉप पिन (पात्याला पुढे जाण्यापासून अडवणारी खुंटी) आणि दुसऱ्या बाजूने लॉक यांच्यात आवळलेलं असतं. तिथे ‘टक’ असं जाणवलं तर ती फट भूमितीतली आहे, ती स्क्रूने भरत नाही. मुठीच्या पाठीवर खटका असलेल्या बॅक लॉकमध्ये अगदी किंचित हलणं मी चालवून घेते, तिथे ते बऱ्याचदा असतं. लायनर लॉकमध्ये नाही. यापूर्वी घेतलेला एक चाकू मी एवढ्यासाठीच परत केला. दिसायला तो याच्यापेक्षा देखणा होता. मायकार्टा आणि लायनर यांच्यात नख अडकत नव्हतं, पातं बरोब्बर मधोमध. आणि दाब दिला की टक, टक. विकणाऱ्याने कळवलं, “वापरून बसेल.” लॉकची जागा वापराने बसते हे खरं आहे, पण ती बसायच्या आधीच्या दिवसांत बोटं माझी असतात. परत पाठवला.

पात्याची पाठ टेबलावर ठोकून लॉकची परीक्षा घेणारे लोकही आहेत. मला ते पटत नाही. चाकू तसा कुणी वापरत नाही, आणि चांगलं लॉकही त्या ठोक्यांनी बिघडू शकतं. हाताचा दाब पुरे.

मिटलेला चाकूही तपासावा लागतो, हे मात्र फार थोड्यांना सुचतं. लॉकचं काम करणाऱ्या लायनरवर एक बारीक गोळी बसवलेली असते, ती मिटल्यावर पात्यातल्या खळग्यात उतरते आणि पातं मिटलेलं धरून ठेवते. चाकू ज्या बाजूने उघडतो ती बाजू खाली करून मनगटाला हलका झटका द्यायचा, दुसरा हात लांब ठेवून. पातं बाहेर डोकावलं तर तो चाकू खिशात ठेवायच्या लायकीचा नाही. मग पातळ सुती कापड मिटलेल्या मुठीवरून ओढायचं. टोक किंचितही वर आलं असेल तर धागा निघतो. माझ्या चाकूत धागा निघाला, पण टोकाचा नाही, लायनरच्या कडेचा. त्याकडे येतेच.

आधी ‘पातं मधोमध नाही’ या तक्रारीचा निकाल लावू. मिटलेल्या चाकूत पात्याचं टोक दोन लायनरच्या बरोबर मध्ये असावं, असा लोकांचा केवढा हट्ट असतो! कारण उघड आहे: ते न शिकता दिसतं. मी छपाईच्या कागदाच्या पट्ट्या घेते. साध्या ८० जीएसएमच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे गरिबाचा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच). एका बाजूला पाच पट्ट्या गेल्या, दुसऱ्या बाजूला नऊ. म्हणजे टोक मध्यापासून ०.२ मिलिमीटर सरकलेलं. पिव्हट सैल करून, पातं दुसऱ्या बाजूला दाबून धरून परत आवळला, तर सहा आणि आठ झाल्या. तिथे मी थांबले. पातं लायनरला घासत नाही, मिटताना धारेवर चरा पडत नाही, बाकी ते मध्ये आहे की जरा डावीकडे याने कापण्यात काडीचा फरक पडत नाही. घासत असेल तर गोष्ट वेगळी, कारण मग दर मिटण्याला धार बोथट होते.

आता पातं. इथे मी भिंग काढते, दहापट मोठं दाखवणारं. धारेच्या दोन्ही बाजूंचे उतार सारख्या रुंदीचे आहेत का? माझ्या चाकूला मुठीजवळ एका बाजूचा उतार सव्वा मिलिमीटरच्या आसपास आणि दुसऱ्या बाजूचा पाऊण. टोकाकडे जाताना दोन्ही रुंद होत जातात. तिथे पातं जाड असतं म्हणून ते साहजिक आहे, दोन्हीकडे सारखं झालं म्हणजे पुरे. पण मुठीजवळचा फरक म्हणजे धार लावणाऱ्याने कारखान्यातल्या फिरत्या घासपट्ट्यावर एका बाजूला हात जास्त तिरका धरलेला. हे रिवर्क. उतारावर काळ्या मार्करने रेघ मारायची, दगडावर एक हलका हात फिरवायचा आणि शाई कुठली गेली ते बघायचं. वरची कडच उजळली तर आपला कोन कमी पडतोय, अगदी धारेवरची गेली तर जास्त. तीन-चार वेळा धार लावण्यात दोन्ही बाजू जवळ येतात, पोलाद उगीच उडवायचं नाही.

धारेमागची जाडी मात्र दगडाने सहज जात नाही. उतार जिथे संपतो तिथे व्हर्नियर लावला तर चांगल्या कापणाऱ्या खिशातल्या चाकूत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. ही रुंदीवरूनही कळते: दर बाजूला २० अंशांचा कोन असेल तर अर्धा मिलिमीटर जाडीला उतार पाऊण मिलिमीटरच्या आत येतो. तो सव्वा मिलिमीटरच्या वर दोन्हीकडे सारखाच असेल, तर पातं धारेमागे जाड आहे किंवा कोन फार कमी आहे. जाड पातं धारदार असूनही पुठ्ठ्यात रुतून बसतं, कापण्याऐवजी फाडतं. पात्याच्या अंगावरच्या पॉलिशच्या रेघा एका दिशेने आहेत की नाहीत यावर लोक तासभर बोलतील, पण ही जाडी कुणी मोजत नाही.

धारेवर बर, म्हणजे घासताना उरलेली पोलादाची बारीक दुमडलेली कड आहे का, तेही याच वेळी. कापसाचा बोळा धारेच्या पाठीकडून बाहेरच्या दिशेने अलगद न्यावा. तंतू अडकले तर बर आहे. असा चाकू पहिल्या दिवशी झकास कापतो आणि आठवड्यात बोथट होतो, मग लोक पोलादाला शिव्या देतात. कोरड्या घासपट्ट्यावर घासताना धारेचं अगदी पातळ टोक तापून नरम पडू शकतं, तेही एक-दोनदा दगडावर घेतलं की निघून जातं. म्हणून नव्या चाकूच्या पोलादावर मत बनवायची घाई मी करत नाही. हीट ट्रीटमेंट, म्हणजे पोलाद तापवून कठीण करणं, डोळ्यांनी दिसत नाही आणि कानस मारून बघायचं तर नवं पातं खराब करावं लागतं. ते कळतं वापरूनच: धार वाकत जाते की तिचे तुकडे उडतात, यावरून.

आणि सगळ्याच चाकूंना एकच फूटपट्टी लावू नये. लॉक नसलेल्या जुन्या पद्धतीच्या, पाठीला स्प्रिंग असलेल्या चाकूत मी मिटलेला दिव्यासमोर धरून स्प्रिंग आणि लायनर यांच्यातून उजेड येतो का ते बघते, शिवाय मिटताना धार स्प्रिंगवर आपटते का हेही. आपटत असेल तर तिथे कायमची खाच पडते. लाकडी मुठीचा ओपिनेल हा फ्रेंच घडीचा चाकू दमट हवेत जाम होतो, कारण लाकूड फुगतं. १८९० पासून तो असाच आहे, १९५५ मध्ये त्याला कुलुपाची कडी बसली तेवढाच मोठा बदल. त्याला दोष म्हणणं म्हणजे पावसाला ओला म्हणणं. तसंच कार्बन स्टीलचं पातं काळवंडलं म्हणून तक्रार करणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

तर तो धागा. मुठीच्या पोटाला एका जागी लायनर मायकार्टापेक्षा जरा वर आलाय, नख अडकतं इतपत, आणि त्याची कड मोडलेली नाही. अशी कड मुठीवर घट्ट पकड घेऊन पुठ्ठा कापताना तळव्याला कळते. ४०० नंबरचा ओला पॉलिश पेपर, मग ८००, मग १२००. पातं सुटं करून, मुठीत धूळ जाऊ न देता. अर्ध्या तासाचं काम. मायकार्टा मुळात राळ आणि कापडाचे थर असल्याने पत्र्याबरोबर तेही छान घासलं जातं, फक्त त्या जागेचा रंग थोडा फिका होतो. तेलाचा हात फिरवला की पुन्हा गडद.

उतार दुरुस्त करायला अजून काही धारा जातील. मुठीजवळचे तीनेक मिलिमीटर दगडाला लागतच नाहीत, कारण तिथे खाच ठेवलेली नाही आणि पात्याचा जाड भाग थेट धारेत उतरतो. ती खाच मी गोल कानशीने काढणार नाही. पोलाद कठीण आहे, कानस घसरेल आणि पातं कुरूप होईल. तेवढी जागा बोथट राहू दे, मी तिथे कापत नाही. चाकू खिशाला अडकवायच्या क्लिपचा एक स्क्रू तिरका बसवलाय, त्याचे आटे गेलेत. पण मला क्लिप तशीही डाव्या खिशासाठी पलीकडच्या बाजूला लावायची होती, आणि तिकडच्या भोकांचे आटे शाबूत आहेत.