संबळ आधी, गिटार नंतर: आमचा पहिला तिकिटाचा कार्यक्रम

पुण्यात स्वतःची मराठी गाणी वाजवणारा लहान बँड बोलावणं येण्याची वाट बघत बसला, तर वर्षं निघून जातात. कॅफेवाल्यांना संध्याकाळी ओळखीची हिंदी गाणी हवी असतात आणि मोठ्या महोत्सवांना आधीच नाव झालेली माणसं. ऐकणारे मात्र इथे आहेत, याची मला खात्री होती. २०१० साली एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव याच शहरात सुरू झाला. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडनं १९९० पासून गिटार आणि तबला एका मंचावर आणून आपला श्रोता घडवला. तेव्हा सभागृह आपणच घ्यायचं आणि तिकीटही आपणच लावायचं, असं आम्ही ठरवलं. तो कार्यक्रम उभा करताना काय काय करावं लागलं ते इथे सविस्तर लिहितोय. अकूस्टिक वाद्यं आणि लोकवाद्यं घेऊन कुणी असाच विचार करत असेल, तर त्याला उपयोग होईल.

आमच्याकडे दोन गिटार, एक व्हायोलिन, एक गायिका, संबळ आणि तुणतुणं. संबळ वाजवणारे काका गोंधळी घराण्यातले. कदमराई, म्हणजे तुळजाभवानीचे उपासक. तुणतुण्यावर त्यांचा पुतण्या असतो. काकांना विचारायला गेलो तेव्हा त्यांनी हो म्हणण्याआधी अटी सांगितल्या, आणि पुढचं सगळं त्या अटींवरच उभं राहिलं.

"देवीला बोलावतो ती पदं तुकडे करून वाजवायची नाहीत. म्हणायची तर पुरी म्हणायची, नाहीतर मंचावर आणायचीच नाहीत. आणि दिवटी शोभेला पेटवायची नाही," ते म्हणाले.

गोंधळाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग. पूर्वरंगात गण आणि देवतांना आवाहन, उत्तररंगात आख्यान. आवाहनाला हात लावायचा नाही असं आम्ही लगेच ठरवलं. आख्यानातली एक कथा काकांनी स्वतः निवडून दिली आणि तिच्या चालीवर आमची दोन नवी गाणी बसवायला परवानगी दिली. लोकसंगीतावर रॉक करणाऱ्या प्रत्येक बँडनं ही चर्चा पहिल्या तालमीच्या आधी करावी, असं माझं ठाम मत आहे. तालमी झाल्यावर केली की ती उरकून टाकली जाते.

मग तारीख. लग्नसराईत काकांना सवड नसते, कारण लग्नानंतर घरोघरी गोंधळ असतो. नवरात्रात तर विचारायचंच नाही. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, तेव्हा ते मोकळे. म्हणून आमचा कार्यक्रम श्रावणात ठरला. चामड्याच्या वाद्याला याहून अवघड महिना नसेल, पण त्याबद्दल पुढे.

तालमींत सगळ्यात जास्त वेळ गेला तो पट्टी आणि लय जुळवण्यात. काका वरच्या पट्टीत गातात, आमची गायिका तिच्या सोयीनं, आणि तुणतुण्याची तार गाणाऱ्याच्या षड्जाला, म्हणजे 'सा'ला लावलेली. बऱ्याच खटाटोपानंतर दोघांचाही आवाज काळी दोनला, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी 'सा' धरून, मोकळा लागतो, हे कळलं. गिटारवर काळी दोन सरळ वाजवणं गैरसोयीचं. त्यात नेहमीचे मेजर-मायनर कॉर्ड लावले की चाल मोडायची, कारण काकांचा गंधार, म्हणजे 'ग', एका जागी थांबत नाही. तो कधी चढा लागतो, कधी उतरा, आणि गाण्याची गोडी तिथेच आहे. कॉर्डमध्ये गंधार वाजला की तो काकांच्या गंधाराशी भांडायचा.

यावर उपाय मिळाला तो इंग्लंडमधल्या लोकसंगीतातून. डेव्ही ग्रॅहम या गिटारवादकानं १९६०च्या दशकात मोरोक्कोतलं संगीत ऐकून गिटारच्या तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावायला सुरुवात केली. या जुळणीत मोकळ्या तारा छेडल्या तर गंधार येतच नाही. षड्ज, मध्यम आणि पंचम तेवढे घुमतात. गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की तेच काळी दोन. त्या दिवशी काकांनी पहिल्यांदा गाणं मध्येच न थांबवता शेवटपर्यंत नेलं आणि पुतण्याला म्हणाले, "आता हे वाद्य आपल्यातलं वाटतंय." मला त्या वाक्याचा फार आनंद झाला.

लयीचा प्रश्न वेगळा होता. आम्ही चार-चार मात्रा मोजून शिकलेलो, आणि काका कथेला जितकी जागा लागेल तितकी घेतात. मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारं यंत्र, लावून बघितला, पण गाण्यातला जीव गेला. शेवटी मोजणं सोडलं. पुढचं कडवं घ्यायच्या आधी काका संबळावर एक ठरावीक तोड वाजवतात आणि उजवा खांदा किंचित वर जातो. आम्ही सगळे त्या खांद्याकडे बघून वाजवायला शिकलो. मंचावर उभं राहायची आमची रचनासुद्धा त्यावरूनच ठरली: काका सगळ्यांना दिसतील असे उजवीकडे थोडे पुढे, आणि बाकीचे त्यांच्याकडे वळून अर्धगोलात.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो, कारण वाटतं तितकं ते किचकट नाही. वेळेत सुरुवात मात्र हवी. बालगंधर्व रंगमंदिरासारखं मोठं नाट्यगृह आमच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून पेठेतलं एक लहान सभागृह घेतलं. सभागृहाच्या परवान्याची प्रत जोडून पोलीस ठाण्यात अर्ज दिला. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला त्यात सवलत आहे, पण भोवती दाट वस्ती असली की भिंतीबाहेर आवाज जाणारच. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. आम्ही साडेसहाला सुरू करून नऊच्या आत संपवायचं ठरवलं आणि शेजारच्या इमारतींत आधी जाऊन सांगून आलो. त्यातले काहीजण तिकीट काढून आले.

गाण्यांच्या हक्कांचा विषय मात्र बारकाईनं बघा. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा, परवाना लागतो. आमची गाणी स्वतःची किंवा पारंपरिक, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. पण 'पारंपरिक' हा शब्द लिहिण्याआधी आम्ही प्रत्येक गाण्याचा शोध घेतला. लोकगीत म्हणून लग्नांत आणि गॅदरिंगला गायली जाणारी कितीतरी कोळीगीतं, लावण्या ठरावीक गीतकारांनी लिहिलेल्या असतात. कायद्यानं गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. आमच्या यादीतल्या एका गाण्याला असा गीतकार सापडला, तेव्हा ते बाजूला ठेवलं. तिकीट २०० रुपये ठेवलं. संगीताच्या कार्यक्रमाला माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, हे लहान आयोजकांना माहीत असावं.

आता आवाजाबद्दल. हा कार्यक्रम ज्यावर तरला किंवा बुडाला असता ती गोष्ट हीच.

संबळ हे अंगणात, देवळासमोर, उघड्यावर वाजण्यासाठी घडलेलं वाद्य. अकूस्टिक गिटार चार माणसांच्या खोलीतलं. नेहमीची पद्धत अशी की आधी गायकाचा आणि गिटारचा आवाज लावायचा आणि मग ढोलाला त्यात बसवायचं. साउंड सांभाळणारा मुलगा कामाला चोख होता, पण त्याला ड्रमसेटची सवय. त्यानं संबळाच्या दोन्ही अंगांना, म्हणजे त्यातल्या जोडीच्या दोन्ही ढोलांना, माइक लावले. काका संबळ कमरेला बांधून उभ्यानं वाजवतात, गाता गाता वळतात, डोलतात. स्टँडवरच्या माइकपासून ते कधी हातभर लांब, कधी अगदी जवळ. एका जागी उभं राहायला सांगितल्यावर त्यांनी प्रयत्न केला आणि सगळं वादनच आखडलं.

तेव्हा मी त्याला म्हटलं, उलटं करू. आधी काकांना माइकशिवाय पूर्ण ताकदीनं वाजवू दे, आपण मागच्या रांगेत बसून ऐकू. लहान सभागृहात उजव्या अंगाचा तिखट आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत आपोआप पोचत होता. कमी पडत होता तो फक्त डाव्या अंगाचा घुमार. म्हणून त्या एकाच अंगाला काठावर क्लिपचा माइक लावला, तो काकांबरोबर वळेल असा. मग त्या पातळीला गायकांचे आवाज आणले, त्यानंतर व्हायोलिन, आणि सगळ्यात शेवटी गिटार. तुणतुण्यालाही तसाच लहान माइक. हा क्रम लोकवाद्यांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकानं करून बघावा. मिक्सरवर कमी-जास्त करायला फारसं उरतच नाही.

गिटारची अडचण वेगळी. घोडीखालचा पिएझो पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारी पट्टी, थेट मिक्सरला लावला तर आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो, कारण त्याला निदान १ मेगाओहमचा इनपुट लागतो. त्यासाठी डीआय बॉक्स, म्हणजे गिटार आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची छोटी पेटी, हवाच. सभागृहाकडे असेलच असं समजू नका, आपला न्या. दुसरं, आवाज वाढवला की साधारण १०० हर्ट्झच्या आसपास गिटारचं पोट स्वतःहून घुमायला लागतं आणि हूं असा फीडबॅक येतो. गिटारच्या तोंडावर रबरी झाकण बसवलं आणि तेवढीच वारंवारता मिक्सरवर अरुंद पट्टीत कापली, तेव्हा थांबलं.

आणि श्रावण. दुपारपासून पाऊस लागून राहिला होता, चामडं ओल धरून सैल पडलं. एरवी काका विस्तवाची ऊब देतात, पण सभागृहात जाळ करता येत नाही. मेकअपच्या खोलीत आरशाभोवती जुन्या पद्धतीचे पिवळे बल्ब होते. त्यांच्यासमोर खुर्चीवर संबळ ठेवला आणि पुतण्या थोड्या थोड्या वेळानं फिरवत बसला. दोऱ्या ताणून, मध्ये बोटानं वाजवून काका ऐकत होते. पडदा उघडायच्या अगदी आधी त्यांनी मान हलवली. मध्यंतरात पुन्हा तेच केलं. पावसाळ्यात कार्यक्रम असेल तर मध्यंतर ठेवाच आणि कार्यक्रमपत्रिकेत संबळाची गाणी दोन्ही भागांच्या सुरुवातीला घ्या. वेळ जाईल तसं चामडं पुन्हा उतरतं.

कार्यक्रम चांगला झाला. सभागृह जवळजवळ भरलं. आख्यानाच्या गाण्यात काकांनी एक ओळ ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ धरून ठेवली, आणि आम्ही सगळे डी-ए-डी-जी-ए-डीच्या मोकळ्या तारा वाजवत त्यांच्या खांद्याकडे बघत राहिलो. तोड आली, सगळे एकत्र उतरलो, आणि पुढच्या रांगेतल्या एक आजी हात जोडून उभ्या राहिल्या.

भाडं, साउंड आणि छपाई वजा करून जे उरलं ते सगळ्यांत समान वाटलं. जाहिरातीवर काकांचं आणि पुतण्याचं नाव आमच्याच आकाराच्या अक्षरांत होतं, 'साथसंगत' या रकान्यात नव्हतं. गाण्यांच्या नोंदीत चाल पारंपरिक आणि ती कुणाकडून मिळाली हेही लिहिलं.

पुढचा कार्यक्रम साताऱ्यात करायचं चाललंय. सभागृह अजून ठरलेलं नाही, पण काकांचा फोन येऊन गेला: "नवरात्र सोडून कधीही ठेव. आणि ते पिवळे बल्ब मिळतात का बघ रे, दोन-चार आपल्याकडे असू देत."